झीनतची रुखसती

सोलापूरच्या नवी पेठेत इमामसाबांचं लेस, जरीचा गोटा आणि साडीच्या फॉलचं दुकान आहे. ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून मी संध्याकाळी तिथं जाऊन बसतो. इमामसाबांना दोन मुली. थोरली शमशाद लग्न होऊन शिकागोला गेली. तिच्या बाळंतपणाला आई नव्हती, ती बरीच आधी वारली होती. म्हणून धाकटी झीनत व्हिजिटर व्हिसावर गेली. बहिणीच्या बाळंतपणाला जाते, असं तिने मुलाखतीत सांगितलं होतं, आणि ते अगदी खरं होतं.

तिथं तिची ताबीशशी ओळख झाली. तो शमशादच्या नवऱ्याबरोबर नोकरीला होता. मूळचा मोहोळचा, आता अमेरिकेचा नागरिक. शमशादने फोन केला, "अब्बा, मुलगा आपल्याकडचाच आहे. इथंच निकाह करून टाकू का?" इमामसाब मोहोळला गेले, ताबीशच्या आईच्या हातचा चहा पिऊन आले आणि हो म्हणाले.

निकाह शमशादच्या हॉलमध्ये झाला. वडिलांची परवानगी मोबाइलवर घेतली. मी दुकानात त्यांच्या शेजारीच बसलो होतो. झीनतचं "कबूल है" ऐकू आलं तेव्हा पडद्यावरचं तिचं चित्र अडकलं होतं. इमामसाब त्या अडकलेल्या चित्राकडे बघून कितीतरी वेळ हसत राहिले.

पुढे कोर्टात नोंदणी झाली. झीनतने तिथंच कायमचं राहता यावं म्हणून अर्ज केला. वकिलाने तिला एक गोष्ट बजावली. प्रवासाची लेखी परवानगी हातात येईपर्यंत देश सोडायचा नाही. सोडला तर अर्ज आपणच मागे घेतला असं धरतात. परवानगी यायला किती महिने लागतील, ते त्यालाही सांगता येईना.

इकडे पेठेत बोलणी सुरू झाली. शेजारचा भांड्यांचा दुकानदार बसलिंगप्पा येता-जाता टोमणा मारायचा, "काय इमामसाब, बिर्याणी अमेरिकेतच संपली म्हणा की!" त्याची ती चेष्टाच होती. पण कुणी कुणी हळू आवाजात विचारू लागलं की फिरायच्या व्हिसावर गेलेल्या पोरीला लग्नाची एवढी घाई कसली झाली होती? ते मात्र इमामसाबांना लागलं. आयुष्यभर त्यांनी गावाच्या नवऱ्या मुलींना गोटा कापून दिला. आणि स्वतःच्या मुलीची रुखसती, बापाच्या दारातून होणारी पाठवणी, झालीच नाही, हे त्यांच्या मनातून जाईना.

एका संध्याकाळी ते दुकानातूनच तिच्याशी बोलत होते. घरात ते दखनी बोलतात.

"पंधरा दिनकू आ. रुखसती करके भेजतूं तेरेकू."

"वकील नक्को बोलते, अब्बा."

"वकीलकू क्या मालूम गे? दस बरसका व्हिसा हय ना? पासपोर्टपो शिक्का हय ना?"

"वो फिरने आए सो लोगोंका हय, अब्बा."

"तो तू भी फिरतीच हय की!"

झीनत हसली. फोन ठेवल्यावर इमामसाब माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा, त्रिंबकराव. दहा वर्षांचा शिक्का म्हणजे दहा वर्षं, व्हय की न्हाय?"

"वकील सांगतो ते ऐकावं असं मला वाटतं," मी म्हणालो.

"तुमी पुस्तकं वाचून वाचून लई भिता."

 पुढच्या फोनवर त्यांच्या तोंडून गेलं, "तेरी अम्मी रहती तो मैं हट्ट नहीं करता था." आणि मग त्यांना रडू आलं. झीनत आली.

ताबीशही आला. तो तिला नको म्हणाला होता, पण सासऱ्यांचं रडणं त्यानेही ऐकलं होतं. रुखसती थाटात झाली. झीनतच्या ओढणीला दुकानातला सगळ्यांत भारी गोटा लागला. बसलिंगप्पाने दोनदा गोड भात घेतला. इमामसाबांनी दारात तिच्या डोक्यावर कुराण धरलं, ती त्याखालून बाहेर पडली आणि मोहोळच्या गाडीत बसली. आठवड्याने दोघं मुंबईहून विमानात बसले.

शिकागोच्या विमानतळावर ताबीश नागरिकांच्या रांगेतून बाहेर गेला. झीनतला एका खोलीत नेलं. अधिकाऱ्याने विचारलं, कुठं राहणार? ती म्हणाली, नवऱ्याच्या घरी. तो म्हणाला, हा व्हिसा परत जाणाऱ्यांसाठी आहे, तुम्ही तर राहायला आलात. आधीचा अर्ज देश सोडला त्याच दिवशी संपला होता. त्यांनी व्हिसा रद्द केला आणि पुढच्या विमानाने तिला परत पाठवलं. ताबीश बाहेर फुलं घेतलेल्या लोकांमध्ये उभा होता. तिला त्याला नीट भेटूही दिलं नाही.

आता ताबीशने तिकडून नव्याने अर्ज करायचा, मुंबईत तिची मुलाखत व्हायची. वर्ष लागेल, कदाचित जास्त. आणि मागच्या वेळी लग्न करायच्या बेतानेच गेला होतात का, हेही पुन्हा विचारतील, असं वकील म्हणाला.

झीनत सोलापूरला आली. इमामसाब तिच्यासाठी सकाळी गोड शीरमाल रोटी आणायचे आणि ती खात असताना समोर बसून डोळे पुसायचे. ताबीश फोनवर म्हणाला, "मी नोकरी सोडून येतो." झीनतनेच त्याला थांबवलं. तो तिथं कमावता राहिला नाही, तर अर्जच टिकणार नव्हता.

मग एके दिवशी मी त्यांच्या घरी असताना ती मला म्हणाली, "काका, मी मोहोळला सासूबाईंकडे जाते."

इमामसाब चटकन म्हणाले, "कायकू? यहां कमरा नहीं क्या? मैं कुछ बोला क्या तेरेकू?"

"नहीं बोले अब्बा. वोईच तो."

"मतलब?"

"तुमे रोज मेरेकू देखके रोते. मैं तुमना माफ करी बोली, फिर भी रोते. मैं कित्ते बार बोलूं?"

 इमामसाबांच्या बाजूने काहीतरी बोलावं असं मला वाटलं, पण ती चुकीचं बोलत नव्हती.

दोन दिवसांनी ताबीशची आई येऊन तिला घेऊन गेली. एस.टी. स्टँडवर आम्ही दोघं गेलो होतो. झीनतने खिडकीतून हात बाहेर काढला, इमामसाबांनी तो धरला, आणि गाडी सुरू झाल्यावर सोडला. सासू आतल्या बाजूला बसून डब्याचं झाकण घट्ट करत होती.

आम्ही रिक्षाने परत आलो. दुकानाचं कुलूप काढल्यावर इमामसाब म्हणाले, "त्रिंबकराव, मोहोळ तासाभराचं तर आहे."

"हो."

"उद्या जाऊन आलो तर?"

"उद्या नको," मी म्हणालो. "तिच्या सासरी बरं दिसणार नाही."

"मग परवा?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग तुमीच सांगा, बापाने कधी जावं?"

तेवढ्यात एक बाई दारात येऊन फॉल मागू लागली. ते उठले आणि रंग कुठला हवा ते न विचारताच दाखवायला लागले, एकामागून एक, सगळे रंग.