रविवारची परवानगी

थॉर्नगिल गावातल्या विल्फ मेटकाफला आठवडाभरात फार तर चाळीसेक वाक्यं पुरत. पाच-सहा दुकानात, दोन-चार सायकल क्लबातल्या मंडळींशी, आणि उरलेली सगळी रविवारी, हाय रिग नावाच्या शेतघराच्या दारात उभं राहून. आयुष्य गेलं बस दुरुस्त करण्यात, आणि बसखाली उताणं पडलेल्या माणसाशी गप्पा मारायला कोण येतंय? लग्न झालं नाही. का झालं नाही, हे त्याला कोणी कधी विचारलं नाही, त्यामुळे त्याच्याकडे उत्तरही तयार नव्हतं.

नाद एकच, सायकल. तोही डांबरी रस्त्यावरचा नव्हे. मोटार दिसली की गड्याच्या कपाळाला आठ्या. त्याला हवी दगडगोट्यांची, दोन दगडी गडग्यांच्या मधून चढत जाणारी वाट, जिथे अर्धा वेळ माणूस सायकलवर आणि अर्धा वेळ सायकल माणसाच्या खांद्यावर. अशा वाटांत त्याची सगळ्यात लाडकी सॉल्टर्स लेन. कोण्या एके काळी मीठ वाहणारी खेचरं जायची म्हणून हे नाव. थॉर्नगिलच्या मागून निघून ती चार मैल चढते, वर हेदरच्या जांभळ्या झुडपांच्या माळावर येते आणि पलीकडच्या खोऱ्यात उतरते. मे महिन्यात तिथे टिटव्या डोक्यावर घिरट्या घालून माणसाला पार पळवून लावतात. विल्फला टिटव्यांचाही राग येत नसे. तेवढंच कोणीतरी दखल घेतं, म्हणायचा.

तर ही वाट माळाच्या तोंडाशी थेट हाय रिगच्या अंगणातून जाते. तिथे मिसेस अल्डरसन एकट्या राहायच्या. नवरा वारलेला, मेंढ्या विकून टाकलेल्या, मुलगा कीथ खाली बाजाराच्या गावात संसार करून. विल्फ पहिल्यांदा तिथे पोचला तेव्हा न विचारता कोणाच्या अंगणातून जायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने दार वाजवलं.

"तुमच्या अंगणातून जाऊ का?"

"जा की. पण आधी चहा घ्या. चेहरा बघा कसा झालाय."

पुढच्या रविवारी त्याने पुन्हा दार वाजवलं.

"अहो, मागच्या रविवारी दिली होती ना परवानगी?" बाई म्हणाल्या.

"ती मागच्या रविवारची होती, मिसेस अल्डरसन."

बाई इतक्या हसल्या की त्यांना चौकट धरावी लागली. विल्फच्या बोलण्यावर आजवर असं कोणी हसलं नव्हतं. झालं, ते सुरूच राहिलं. हा विचारायचा, त्या आभाळाकडे बघून म्हणायच्या, "आज द्यावी की नको, विचार करावा लागेल. तोवर चहा घ्या." तो दारातच उभ्याने एक कप प्यायचा. पाऊस, लोकरीचा भाव, त्यांचे गुडघे, त्याची चेन. पंधरा मिनिटं, फार तर वीस. मग टोपी चढवून निघायचा. अशी बावीस वर्षं. दोघं शेवटपर्यंत मिस्टर आणि मिसेसच राहिले.

फेब्रुवारीत बाई गेल्या. विल्फला कळलं ते दुकानात, दुधाच्या बाटल्या घेताना. दफनाला तो गेला नाही. कोण म्हणून जायचं, हेच त्याला ठरवता येईना. महिन्याभरात कीथने अंगणाच्या फाटकाला कुलूप घातलं. शेतघराच्या खोल्या करून सुट्टीवर येणाऱ्या शहरवाल्यांना भाड्याने द्यायच्या होत्या, आणि त्यांच्या गाड्यांमध्ये चिखलाने बरबटलेले सायकलवाले त्याला नको होते.

क्लबात भडका उडाला. क्लबची सेक्रेटरी मॉरीन, पोस्टातून निवृत्त झालेली, म्हणजे कागद म्हटला की हिच्या अंगात येतं. तिने कायदा शोधून काढला. एखाद्या वाटेवरून लोक सलग वीस वर्षं बिनदिक्कत जात-येत असतील तर ती वाट लोकांची, मग मालक कोणीही असो. फक्त एक मेख होती. न विचारता गेलेलं असायला हवं. मालकाला विचारून, त्याच्या मेहेरबानीने गेलात, तर ते जाणं जमेत धरत नाहीत.

सरकारकडे अर्ज भरून देणारे आठ जण निघाले, पण त्यातले सात वर्षातून दोनदा जाणारे. दर आठवड्याला, न चुकता, तारीखवार वहीत लिहून ठेवत गेलेला एकच, विल्फ. सगळा डोलारा त्याच्या बावीस वह्यांवर उभा.

मॉरीन त्याच्या स्वयंपाकघरात टेबलावर अर्ज पसरून बसली.

"बारावा प्रश्न. वाट वापरायला मालकाची परवानगी मागितली होती का? इथे 'नाही' लिही आणि सही कर."

"पण मी मागायचो, मॉरीन."

तिने चष्मा काढला. "कधी?"

"दर रविवारी."

"दर... अरे देवा! तुला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. गंमत होती ती आमची."

"कोणाला माहीत आहे?"

विल्फने विचार केला. "त्यांना आणि मला."

"त्या तर गेल्या. मग राहिलं कोण? हे बघ विल्फ, वहीत तू फक्त 'गेलो' एवढंच लिहिलंयस. गेलास ना? मग झालं. ही वाट गेली तर पुन्हा मिळायची नाही, तुला नाही, मला नाही, माझ्या नातवंडांना नाही. एका शब्दाने काय तुझी जीभ झडणार आहे?"

त्याने 'नाही' लिहिलं. सहीही केली. त्यालाही वाट हवीच होती. रविवारी दुसरं करणार काय होता तो? घरी बसून भिंतीवरचं घड्याळ बघणार होता?

ऑक्टोबरात गावच्या हॉलमध्ये सुनावणी झाली. वरून आलेला चौकशी अधिकारी, सभ्य, सर्दी झालेला माणूस. एकीकडे क्लबची मंडळी, दुसरीकडे कीथ, इस्त्रीच्या शर्टात अवघडून बसलेला. विल्फने वह्या दाखवल्या. अधिकाऱ्याने चार पानं चाळली आणि मान डोलावली. मॉरीनचा चेहरा फुलला. मग कीथला प्रश्न विचारायची मुभा मिळाली.

"मेटकाफ, बावीस वर्षं आमच्या अंगणातून जात होतात. माझ्या आईला तुम्ही ओळखत होतात का?"

उत्तर पाठ होतं. मॉरीनने तीनदा म्हणवून घेतलं होतं: 'जाताना कधी लांबून दिसल्या असतील.' अहो, एवढं म्हणायचं आणि खाली बसायचं. विल्फने तोंड उघडलंसुद्धा. पण त्या रविवारांची गोष्ट जगात आता फक्त त्याला ठाऊक होती. त्यानेच नाही म्हटलं, तर ते रविवार झालेच नव्हते. मग त्याच्या बहात्तर वर्षांत झालं तरी काय होतं?

"ओळखत होतो," तो म्हणाला. "दर रविवारी त्यांना विचारायचो, जाऊ का म्हणून. त्या हो म्हणायच्या."

अधिकाऱ्याने नाक पुसलं. "दर रविवारी?"

"बर्फाचे रविवार सोडून. अर्जात मी खोटं लिहिलंय, साहेब. ते माझं, बाकी कोणाचं नाही."

पुढे फार काही उरलं नाही. निकाल टपालाने यायचा होता, पण हॉलमधल्या खुर्च्यांनासुद्धा तो कळला होता.

बाहेर मॉरीन त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "जन्मभर तोंड शिवून बसलास, आणि उघडलंस ते आजच?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं. विल्फला म्हणायचं होतं की मला माफ कर, पण ती गाडीत बसलीही होती. बाकीचे तिच्या मागून गेले. कोणी हात केला नाही. तो सायकलपाशी वाकला आणि उगाच चाकातली हवा दाबून बघत राहिला.

"तुम्हीच होतात तर," मागून आवाज आला. कीथ.

"जिंकलास बाबा. घाल कुलूप."

"कुलूप राहणारच आहे." कीथ शर्टाची कॉलर ओढत उभा राहिला, जाईना. "आई मला रविवारी येऊ द्यायची नाही. शनिवारी ये म्हणायची. म्हणे, रविवारी माझ्याकडे पाहुणा असतो."

विल्फ सरळ झाला. "कोण?"

"तेच तर आम्ही विचारायचो! सांगायची नाही. माझी बायको म्हणायची, म्हातारीने कोणीतरी गाठलाय. शनिवारी जावं तर आल्याचा केक निवत ठेवलेला, आणि मला सुरी लावू द्यायची नाही. चुलीपाशी दोन खुर्च्या मांडून ठेवलेल्या, एकीवर नवी गादी. मी एकदा बसलो तिच्यावर, तर उठवलं मला. स्वतःच्या मुलाला!"

"मला केक कधी..." विल्फ म्हणाला. "मी आत कधी गेलो नाही."

"बावीस वर्षांत?"

"बूट चिखलाचे असायचे."

कीथने त्याच्या बुटांकडे पाहिलं. बोलला तेव्हा त्याच्या आवाजात भांडण नव्हतं.

"काढायचे होते की."

तो गेला. विल्फ घराकडे निघाला. आता डांबरी रस्त्यानेच जायचं होतं. मागून गाड्या यायच्या, भोंगा वाजवून पुढे जायच्या. उतारावर तो उतरला आणि गडग्याला सायकल टेकवून तसाच उभा राहिला. बाई दरवेळी कप हातात देऊन दारातून थोड्या बाजूला सरकायच्या, हे त्याने बावीस वर्षं पाहिलं होतं. उंबऱ्यात वारा लागतो म्हणून सरकत असतील, असं त्याला वाटायचं. दर रविवारी त्याने त्यांना 'जाऊ का?' विचारलं. 'येऊ का?' असं एकदाही नाही.