गेनबाचा हात

"ऐकू येतंय का, आजोबा?"

बापूराव दचकले. नातीचा आवाज इतका बारीक आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

नातीने, म्हणजे मैत्रीने, त्यांच्या कानामागे अडकवलेलं यंत्र शेंगदाण्याएवढं होतं. "पूर्वी याची पेटी छातीशी बांधून फिरायचे. ट्रान्झिस्टर निघाला आणि सगळं एवढ्याशात मावलं," ती म्हणाली. ट्रान्झिस्टर म्हणजे क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायचा डबा, एवढंच बापूरावांना माहीत. तो डबा आता कानात शिरला म्हणायचा!

जन्मभर तांब्याची भांडी ठोकून त्यांचे कान गेले होते. कसबा पेठेतल्या तांबट आळीत कान शाबूत असलेला म्हातारा तांबट दाखवा नि बक्षीस मिळवा. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते माडीवरच असत. माणसांचं बोलणं कळत नसे, पण आळीतल्या हातोड्या मात्र ऐकू येत. त्यांत टोकाच्या दुकानातल्या गेनबाचा हात तर हमखास ओळखू येई: दोन घाव हलके, एक भारी. दुपारी डोळे मिटून ते त्या तालावर तरंगत राहत. जिवाभावाचा हा दोस्त भेटायला येत नाही, याचा रागही येई. पण हातात एवढं काम असल्यावर येणार तरी कसा बिचारा, अशी ते स्वतःचीच समजूत घालत.

आता कुकरची शिट्टी ऐकू आली, रिक्षाचा हॉर्न ऐकू आला. हातोडी एकही नाही.

"आज आळी बंद आहे का गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

यमुनाबाई पदराशी चाळा करत राहिल्या. "अहो, गेनबाभावजी कधीच दुकान विकून मुलाकडे धायरीला गेले. बाकीचेही एकेक करून गेले. तुम्ही रोज म्हणायचात, गेनबाचा हात काय चाललाय! सांगायला माझी जीभच रेटली नाही."

बापूरावांना आत्ता उमगलं. इतकी वर्षं आपण आपल्याच डोक्यातल्या गेनबावर रुसून बसलो होतो. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त गेनबाची आठवण आली.

"फोन लाव त्याला," ते मैत्रीला म्हणाले.

फोन गेनबाच्या सुनेने उचलला. बापूरावांनी नाव सांगताच ती म्हणाली, "बाबांना आता काहीच ऐकू येत नाही, काका. पण तुमचं काम अजून जोरात दिसतंय! रोज दुपारी गच्चीत डोळे मिटून बसतात नि म्हणतात, बापूरावचा हात काय सुरेख चाललाय. मी पाटीवर लिहून दाखवते त्यांना. काय लिहू?"

बापूरावांनी यमुनाबाईंकडे पाहिलं. त्यांचा पदराशी चाळा पुन्हा सुरू झाला होता.

"लिही, चाललाय म्हणून," ते म्हणाले, आणि त्यांचा रिकामा हात मांडीवर हळूहळू हलू लागला.