न बसता गेलेला

यूखीमचा नेस्तोर, नेस्तोरचा झाखार आणि झाखारचा लुक्यान. क्रेमेन्चूकच्या या उंचापुऱ्या स्कोरिक घराण्यात दाराच्या चौकटीला कपाळ आपटल्यावाचून कोणी मोठा झाला नाही. पणजोबांनी नीपर नदीवर नाव चालवली, आजोबा आणि वडील ट्रकच्या कारखान्यात राबले. लुक्यानला मात्र गावच्या संघाच्या प्रशिक्षक वार्वारा दानिलिव्नांनी बास्केटबॉलकडे आणले. चौदाव्या वर्षी त्याच्या मापाचे बूट शहरात मिळेनात, तेव्हा बाईंनी आपल्या दिवंगत पतीचे, एकोणपन्नास मापाचे बूट त्याच्या पायांत घातले.

पाच वर्षांनी, पोल्टाव्याच्या संघाविरुद्धच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, तो खेळाडू पुरवणाऱ्या एका दलालाबरोबर तुर्कस्तानला निघून गेला. निघणाऱ्याने आणि निरोप देणाऱ्याने दाराशी मिनिटभर गप्प बसायचे आणि मगच उंबरा ओलांडायचा, एवढी रीतही त्याने पाळली नाही. बाई सामना एका गुणाने हरल्या.

तुर्कस्तान, लिथुआनिया, पोलंड, देशाचा निळा गणवेश, गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया. वीस वर्षे बाई त्याची प्रत्येक बातमी वाचत राहिल्या आणि गावच्या वर्तमानपत्राला दर वर्षी बजावत राहिल्या, की तो पळपुटा माझा एक सामना देणे लागतो. बाकी आहे तोवर त्याला यावेच लागेल, असा त्यांचा हिशेब होता. आला की गळ्यातली शिट्टी, आणि तिच्याबरोबर संघही, त्याच्या हाती द्यायची, हेही ठरलेले होते.

२०१८च्या वसंतात पुन्हा पोल्टाव्याशीच गाठ पडली, आणि एकोणचाळीस वर्षांचा लुक्यान क्रीडागृहाच्या दारात उभा राहिला.

"बाई, राहिलेला सामना खेळायला आलोय."

"आधी फरशी पूस," बाई म्हणाल्या.

त्याने निमूट पुसली. संघातली पोरे हसली. "आजोबा, कंबर सांभाळा," एकजण म्हणाला.

"कंबर तुझ्या जन्माआधीच गेली, बाळा. हात शाबूत आहे."

अंतिम सामन्यात तो चाळीसच्या चाळीस मिनिटे खेळला. गुडघा भोपळ्यासारखा सुजला, बाईंनी हाताने बाहेर बोलावले, त्याने पाहिलेच नाही. सामना एका गुणाने जिंकला.

सगळे गेल्यावर त्याने पिशवीतून जुने बूट काढून बाईंपुढे ठेवले. नवे तळ, नव्या नाड्या.

बाईंनी जन्मात कोणाला विनंती केली नव्हती. "राहशील का रे?" त्यांनी विचारले.

"नाही, बाई. दर उन्हाळ्यात यायचं ठरवायचो. तेवढ्यात तुमचं काहीतरी छापून यायचं, आणि आई मला ते कात्रण पाठवायची. आता मला पळपुटा म्हणू नका, एवढंच."

शिट्टी बाईंच्या मुठीत होती. मूठ उघडली नाही.

"बसा जरा," तो दाराजवळच्या बाकाकडे बोट दाखवून म्हणाला.

दोघे मिनिटभर गप्प बसले. मग तो उठला, चौकटीखाली वाकला आणि निघून गेला. या खेपेस रीतही पाळायची राहिली नव्हती. बाईंचे त्याच्याकडे आता काहीच बाकी नव्हते.