विंकाचं एकटीचं गाणं

विंकानं कानावरचा हेडफोन काढून टेबलावर आपटला, खिडकी सताड उघडली आणि खाली धक्क्यावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या लुक्शाकाकांवर ओरडली,

"काका, तोंड बंद ठेवायचं काय घ्याल?"

"मी काय केलं?"

"गायलात! माझ्या गाण्यात परत गायलात!"

लुक्शाकाकांनी खरोखरच आठवून पाहिलं. मग ओशाळून टोपी मागे सरकवली.

"गायलो असेन. तू एकटीच गात होतीस ना, पोरी. बरं दिसत नाही ते."

बरं दिसत नाही, हे खरंच होतं. त्या बेटावर कुणाला एकट्याला गाऊ देणं म्हणजे पाहुण्याला एकट्याला जेवायला बसवून आपण बाहेर निघून जाण्यासारखं. कुणी अंगणात एक ओळ धरली, की शेजारीण कपडे वाळत घालता घालता तिच्यात आवाज मिसळणार आणि रस्त्यानं जाणारा तिसरा खालून खर्ज लावणार. यात कुणी कुणाची परवानगी घेत नाही. पण रेकॉर्डिंगच्या यंत्राला ही रीतभात ठाऊक नव्हती. काल बेकरीवाली मध्ये आली होती आणि परवा सायकलवरून जाता जाता फादर शिमे.

यंत्राशेजारी बसलेल्या रेनातोनं कपाळाला हात लावला. तो रेकॉर्डिंग करायला मुख्य भूमीवरच्या स्प्लिट शहरातून आला होता. तारली मासे खारवायच्या बंद पडलेल्या शेडच्या वरच्या मजल्यावर त्यानं भिंतींना गाद्या टांगल्या होत्या, तरी माशांचा वास काही गेला नव्हता.

"विंकाताई, उद्या दुपारच्या बोटीनं मला निघायचंय."

"माहीत आहे रे बाबा."

अल्बमची बाकीची गाणी झकास झाली होती. जुनी बेटावरची गाणी आणि विंकाच्या नव्या चाली, त्यांना गिटार आणि ड्रमची जोड. ड्रम लुक्शाकाकांचे. फादर शिमे विजेवरची गिटार अशी झोडपत, की वेदीवरच्या संतांनीही कान झाकून घ्यावेत. कोरसला अख्खं गाव. तरी अल्बमवर नाव एकट्या विंकाचं लागणार होतं आणि त्याला कुणाची हरकत नव्हती. "नाव तुझं, गोंगाट आमचा," असं लुक्शाकाका म्हणाले होते.

प्रश्न होता तो या शेवटच्या गाण्याचा. यात वाद्य नाही, कोरस नाही, फक्त विंकाचा आवाज. तरुण वयापासून ती बेटावरच्या बायकांच्या मेळ्यात पेरिनाच्या डाव्या हाताला, तिच्या खांद्यावर हात टाकून उभी राहत आली होती. पेरिना पहिला आवाज लावायची, म्हणजे गाण्याची चाल तिची. विंका दुसरा आवाज, चालीच्या खालून टेकू देत जाणारा. घरी जाताना लोक गुणगुणत ती पेरिनाची चाल. आपल्याला याचं काही वाटत नाही असं विंका सगळ्यांना सांगायची, आणि ते साफ खोटं होतं. आपण एकटीनं उभं राहू शकतो का, एवढंच तिला एकदा बघायचं होतं. नाही जमलं, तर अल्बमवर आपल्याऐवजी मेळ्याचं नाव घाला, असं ती रेनातोला सांगूनही बसली होती.

पेरिनाला तिनं स्पष्टच सांगितलं होतं, "ह्या गाण्यात तू नको." पेरिना "बरं" म्हणाली, आणि तेव्हापासून विंकाशी जरा जास्तच गोड बोलत होती. तिचं घर शेडच्या अगदी समोर. पण या गाण्यात बाहेरून आवाज मिसळला नाही तो फक्त तिनंच.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. प्रार्थना संपल्यावर फादर शिमेंनी वेदीवरूनच फर्मान काढलं.

"आता सगळ्यांनी होड्यांत बसायचं आणि बेटाच्या टोकापलीकडे जायचं. घंटा वाजेपर्यंत कुणी परत फिरायचं नाही. माझं तर तुम्ही ऐकत नाहीच, आज निदान विंकाचं ऐका!"

गाव हसत हसत धक्क्यावर आलं. वाईन आली, चीज आलं, लुक्शाकाकांनी तळलेल्या माशांचं पातेलंच उचलून आणलं. पेरिना शेवटच्या होडीत चढली.

"एकटीनं गा हं, नीट," ती म्हणाली. विंकाला ते चांगलंच झोंबलं.

होड्या टोकाआड गेल्या आणि बेट गप्प झालं. विंकानं डोळे मिटून गायला सुरुवात केली. आवाज कुठेही कापला नाही, श्वास पुरला. शेवटचा सूर विरल्यावर रेनातो खुर्चीतून उठलाच.

"झालं! एकदम स्वच्छ! ऐका."

तिनं ऐकलं. पहिल्यांदा सुखानं. मग तिच्या कपाळावर आठी पडली.

"परत लाव."

आवाज सुरेख होता, गाणंही सुरेख होतं. पण गाण्यात चालच नव्हती, होता तो नुसता टेकू. प्रत्येक ओळ कुणाच्या तरी खालून चालत होती, कुणीतरी पुढे जावं म्हणून थांबत होती, आणि शेवटी दुसरा आवाज जिथे उभा राहतो तिथेच उभी राहत होती. खिडकीबाहेरून गायलेले सगळे वरची एकच चाल, पहिल्या आवाजाची, गायले होते, हेही तिच्या आत्ता लक्षात आलं. ती चाल तिनं मनातल्या मनात म्हणून पाहिली. ती पेरिनाच्याच आवाजात ऐकू आली.

विंकाला आधी रडू येईलसं वाटलं. मग तिला हसू फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना.

"काय झालं? चुकलं का काही?" रेनातोला काही कळेना.

"काही नाही. घंटा वाजवून येते."

टोकाआडून होड्या आल्या त्या गातच. पेरिना धक्क्यावर उतरली तशी विंकानं तिचा हात धरून तिला वर नेलं, यंत्रासमोर बसवलं आणि हेडफोन तिच्या कानावर चढवला. पेरिना शेवटपर्यंत खाली मान घालून ऐकत राहिली.

"पहिला आवाज कुठाय गं?" तिनं विचारलं.

"तुझ्याबरोबर होडीत होता."

विंकानं मायक्रोफोन तिच्याकडे वळवला.

"गा. बोटीला अजून वेळ आहे. नाव मेळ्याचंच घालू."

"मुळीच नाही." पेरिनानं मायक्रोफोन पुन्हा विंकाच्या बाजूला फिरवला. "नाव तुझंच राहणार, आणि गाणंही असंच."

"असं अर्धवट?"

"अर्धवट कुठाय? मला सगळं ऐकू येतंय." तिनं नाक पुसलं. "इतकी वर्षं बाजूला उभी राहिले, पण तुला नीट कधी ऐकलंच नाही बघ. माझाच आवाज मध्ये यायचा. लाव रे पोरा, परत एकदा. मोठ्यानं लाव."

रेनातोनं हेडफोनची वायर काढली. शेडभर विंकाचा आवाज घुमला. जिन्यात गावकरी गोळा झाले होते, आणि फादर शिमेंनी स्वतःच्या तोंडावर हात धरला होता. पेरिना उठून विंकाच्या उजवीकडे उभी राहिली आणि तिच्या खांद्यावर हात टाकला. ओठ तिनं घट्ट मिटलेलेच ठेवले. पण दुसऱ्या ओळीआधी दोघींनी श्वास घेतला तो एकदमच.