तिसऱ्या हाकेआधी

या, असे जवळ सरका. मोबाइल घटकाभर पालथे घाला. हसनाबादच्या शिवारातली एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती मोठ्यानं सांगण्यासारखी नाही.

आपल्याकडं चकवा हा शब्द लई राबतो. बैल भलत्याच बांधाला गेला, चकवा लागला. नवरा जालन्याला बियाणं आणायला गेला आन् दिवे लागल्यावर हात हलवत आला, तरी बायको म्हणते, "लागला असंल चकवा, दुसरं काय!" लोक हसतात. आपल्या गावची झुंबरबाई मात्र कधी हसली नाही. चकवा वाट फिरवतो, ओळखीच्या आवाजात हाक मारतो, ओ दिली की माणूस त्याचा, हे ती माहेराहून शिकून आल्ती. वाट चुकली तर खाली बसावं. तीन हाका झाल्याशिवाय ओ देऊ नये, कारण तिसरी हाक चकव्याला मारता येत नाही.

सप्ताहातला काकडा आटोपून त्या पहाटे ती एकटीच देवळातून निघाली. कीर्तनाचं तिला भारी वेड. ओठांवर अभंग होताच. धुकं असं की हातातले टाळ दिसेनात. तुरीतली पायवाट रोजची, पाठ झालेली. तरी वाकडी बाभळ आडवी आली. ती चालली, पुन्हा तीच बाभळ. तिसऱ्यांदा त्याच खोडाला हात लागला, तेव्हा तोंडातला विठ्ठल अर्धाच राहिला. ती मटकन खाली बसली.

"आत्याबाई!"

आवाज शीतलचा, तिच्या सुनेचा. पण शीतल या वेळी चुलीपाशी असायची. आणि आवाज येत होता बिनकठड्याच्या विहिरीच्या पलीकडून.

त्या विहिरीत पाच वर्षांमागं तिची धाकटी जाऊ कौसल्या पडून मेली होती. असंच धुकं होतं. झुंबरबाईनं तिच्या दोन हाका ऐकल्या होत्या, आणि तिसरीची वाट बघत ती गप्प राह्यली होती. तिसरी आलीच नाही. हे तिनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

"आत्याबाई, कुठं हाव?"

दुसरी हाक. ढेकळं फुटत पावलं जवळ येत होती. चकवा असंल तर ओ दिली की आपण गेलो. शीतल असंल तर? झुंबरबाईनं टाळ मुठीत आवळले. मंग नरडं फाटेस्तोवर ती ओरडली, "थांब! म्होरं हीर हाय!"

पावलं थांबली. एक ढेकूळ घरंगळलं आणि खूप खालून डुबुक झालं. झुंबरबाई डोळे मिटून बसली, आता चकवा आपल्याला न्यायला येईल म्हणून.

"तुम्हीच हाव ना?" धुक्यातून रडवेला आवाज आला. "का चकवा?"

"चकवा थांब म्हणंल का, येडे? मागं सरक!"

रांगत, चाचपत विहिरीला वळसा घालून तिनं सुनेचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता.

"उशीर झाला म्हणून बघायला आल्ते," शीतल दात वाजवत म्हणाली. "मला वाटलं चकव्यानंच ओ दिली. भ्यानं पाय थिजले, म्हणून थांबले. न्हाई तर तुमचं मी कधी ऐकते का?"

झुंबरबाईला हसू आलं नाही. सुनेला छातीशी धरून तिनं पहिल्यांदाच त्या दोन हाकांचं सांगितलं.

तर मायबाप, धुक्याला खुशाल भ्या. पण हात जोडाल तेव्हा कौसल्येची आठवण ठेवा. तिला कुणी ओ दिली नव्हती.