पब्लिकला पटलेला शेवट

सिनेमात कुणाचा जीव जायचा असला, की त्याची पहिली खबर शिवणखात्याला लागते. दिग्दर्शक तोंड उघडत नाही, लेखक ताकास तूर लागू देत नाही, पण वरून चिठ्ठी येते: एकाच कापडाचे, एकाच मापाचे पाच झगे. रडण्याच्या सीनला एक पुरतो, लग्नाच्या सीनला दोन. पाच लागतात ते रक्ताला. टेक फसला की डागाळलेला उतरवायचा आणि कोरा चढवायचा.

त्या दिवशीची चिठ्ठी वहिनींनी दोनदा वाचली. निळा सुती झगा, पुढे दोन खिसे, बाही कोपरापर्यंत. माप नायिकेचं. नग पाच.

"हा सिनेमा तर पुरा झाला होता ना?" कापड बेतणारे मास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले. "परवा कुठल्याशा थिएटरात ट्रायल शो लावला होता. पब्लिक उठून गेलं म्हणे."

"म्हणून शेवट परत घेतायत," वहिनी म्हणाल्या. "पडलेल्या नवऱ्याचं डोकं ती मांडीवर घेते, तो सीन वाढवला असेल. झगा रक्ताने भरणारच की हो, मास्तर."

मास्तरांनी विषय सोडून कापड उलगडलं. कारण तो झगा कुणाचा होता, हे खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तो वहिनींचाच होता.

त्यांचे यजमान याच स्टुडिओत लाइटमन. सगळे त्यांना दादा म्हणत, म्हणून या वहिनी. दादा जाऊन तीन वर्षं झाली, वहिनी मात्र वहिनीच राहिल्या. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात पन्नास फुटांवर चढून दिवे टांगले, तो घरच्या जिन्यात, स्टुलावर उभा राहून एक गेलेला बल्ब बदलताना पडला. वहिनी स्टूल धरून उभ्या होत्या. आत दूध उतू गेल्याचा आवाज आला. "आले हं," म्हणून त्या आत पळाल्या, गॅस बंद केला आणि परत वळल्या. तेवढ्यात होत्याचं नव्हतं झालं होतं.

माणूस गेल्याचं दुःख एक, आणि हात सोडल्याचं दुसरं. पहिलं दुःख लोक वाटून घेतात. दुसरं ज्याचं त्याने वाहायचं असतं. पण देवाने वहिनींना एकटं टाकलं नव्हतं. घरात सासू होती. ज्या माउलीचा एकुलता एक मुलगा गेला, तिनेच त्या संध्याकाळी सुनेचं डोकं छातीशी धरलं आणि म्हटलं, "दूध उतू गेलं गं पोरी. त्यात तुझा काय दोष? मी घरातच होते ना? मी ऐकलंय सगळं." त्या एका वाक्यावर वहिनी तीन वर्षं जगल्या. कधी रडू दाटलं की म्हणायच्या, "आई, म्हणा ना परत." आणि म्हातारी न कंटाळता म्हणायची.

आता या दुःखाचा सिनेमा कसा झाला, तेही ऐका. वहिनी नोकरीला लागल्या तेव्हा या खात्यात झालरी होत्या, लेस होती, नवरीचे घोळदार झगे होते. मग एक काळोखा सिनेमा चालला: पावसाळी गल्ली, सिगारेटचा धूर, आणि शेवटच्या मिनिटाला कळतं की मारलं कुणी. तो असा चालला की मालकांनी पुन्हा लग्नाचा सीन म्हणून घेतला नाही. दिवसभर साहेबाची बोलणी खाल्लेला माणूस संध्याकाळी अंधारात बसून दुसऱ्याचा गळा आवळलेला बघायचा आणि हलका होऊन घरी जायचा. खात्यात लांब कोटांचे ढीग लागले. हातमोजे तर इतके, की मास्तर म्हणायचे, "वहिनी, आपल्या कृपेने एकाही खुन्याला थंडी वाजायची नाही."

या सिनेमांचा लेखक कानावर पेन्सिल खोचून हिंडायचा, म्हणून त्याचं नाव पेन्सिल. त्याच्या खोलीला ओल यायची, म्हणून तो इस्त्रीच्या टेबलापाशी ऊब घेत बसायचा. एका दुपारी त्याने सहज विचारलं, "दादा कसे गेले हो?" आणि वहिनींनी सांगितलं. अगदी झग्याच्या रंगापासून सगळं सांगितलं. पोरगा डोळे पुसत उठला. आठवड्याने येऊन म्हणाला, "वहिनी, लिहू का? पोलीस बायकोवर संशय घेतात, सगळं गाव घेतं, आणि शेवटी ती निर्दोष ठरते. दादांचं नाव नाही येणार."

वहिनींना वाटलं, देवानेच बुद्धी दिली याला. आपल्या मनात रात्रंदिवस जो खटला चाललाय, त्याचा निकाल पडद्यावर लागेल. हजार लोक बघतील आणि मनात म्हणतील, बाईचा दोष नव्हता.

म्हणून ती चिठ्ठी आल्यावर त्यांनी पाचही झगे स्वतः शिवले. मशीनला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. खिशांच्या कडांना दुहेरी टीप घातली, त्यांच्या स्वतःच्या झग्याला होती तशी.

सिनेमा लागला तेव्हा पेन्सिल कुठे दिसेना. पास मात्र त्याने मास्तरांकडे ठेवले होते, दोन. "बघू नका," असं सांगायला त्याची जीभ रेटली नसेल आणि पास न द्यायला मन.

आईंना अलीकडे विसर पडायला लागला होता. चष्मा साखरेच्या डब्यात सापडायचा, सकाळची गोष्ट दुपारी पुसली जायची. तरी त्यांना नेसवून-सजवून, हाताला धरून, वहिनी दुपारच्या खेळाला घेऊन गेल्या. "आई, आपल्या माणसाची गोष्ट आहे. चार लोक त्यांच्यासाठी रडतील."

"रडू देत," आई म्हणाल्या. "माझे डोळे आटले."

थिएटरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. तो जिना, ते स्टूल, तो निळा झगा. वहिनींनी सासूचा हात घट्ट धरला. मध्यंतरात त्यांना वाटलं, पेन्सिलने शब्द पाळला. आणि मग शेवट आला. पडद्यावरच्या बाईने दूध उतू जावं म्हणून स्वतःच्या हाताने गॅस मोठा केला. जिन्यात आली. नवऱ्याकडे वर बघत, सावकाश, पायाने स्टूल ढकललं. खाली जाऊन तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि शेजारी जमेपर्यंत आक्रोश केला. झगा रक्ताने भरला. वहिनींचा अंदाज तंतोतंत खरा होता. मांडी तीच, डोकं तेच. पण शेजारणीच्या खांद्यावर मान टाकल्यावर त्या बाईचा चेहरा पडदाभर आला, आणि ती हसली.

थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. शिट्ट्या, टाळ्या. मागच्या रांगेतला कुणीतरी ओरडला, "काय बाई आहे राव!"

घराच्या दारात आई फक्त म्हणाल्या, "थंडी वाजते गं."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी पेन्सिलला कँटीनच्या मागे गाठलं. तो खालमानेने उभा राहिला.

"काय वाईट केलं होतं रे मी तुझं?"

"मी खरंच तसं लिहिलं होतं, वहिनी. जसं तुम्ही सांगितलं तसं. ट्रायलला लोक खवळले. एकजण उभा राहून म्हणाला, दोन तास बसवून ठेवलंत आणि शेवटी काय, तर दूध! मालक म्हणाले, अपघात फुकट घडतो, त्याचं तिकीट कोण काढणार? बाईनेच मारलं पाहिजे."

"आणि तू मारलंस."

सिनेमा पंचवीस आठवडे हलला नाही. दुकानांत निळे झगे टांगले गेले. दुसऱ्या स्टुडिओंनी नवरे मारणाऱ्या बायकांच्या गोष्टी रांगेने काढायला घेतल्या. खात्यातल्या मुली कौतुकाने म्हणायच्या, "वहिनी, तुमच्या झग्याने गाव वेडं केलं!" आणि वहिनींच्या घरासमोरच्या भिंतीवर, अगदी आईंच्या खिडकीपुढे, दोन मजली पोस्टर लागलं. निळा झगा आणि ते हसू.

म्हातारपण सगळं पुसत चाललं होतं, पण ते पोस्टर रोज सकाळी उजळणी करून घ्यायचं.

महिन्याभराने एका दुपारी आई म्हणाल्या, "गॅस तूच मोठा केलास."

वहिनींच्या हातातली सुई थांबली. "काय म्हणालात, आई?"

"मी पाहिलंय. तू जिन्यात आलीस. पाय लावलास."

"अहो, तो सिनेमा होता! आपण दोघी गेलो होतो ना बघायला? तुम्ही तर त्या दिवशी आत खिडकीशी बसला होतात. दूध उतू गेलं, तुम्हीच म्हणायच्या..."

"मला शिकवू नकोस. मी तुझा चेहरा इतका जवळून पाहिला," आणि म्हातारीने आपला सुरकुतलेला तळहात नाकापर्यंत आणला. "तेव्हा काहीतरी वाजत होतं. मग तू हसलीस."

वहिनींनी समजावलं, रडल्या, देवावर हात ठेवून सांगितलं. डॉक्टरांना बोलावलं, तर ते म्हणाले, "वाद घालू नका. त्यांच्यापुरतं ते खरंच घडलंय." घडलंय! तीन वर्षं जिने दोष काढून घेतला होता, तिच्याच तोंडून तो परत येत होता, आणि "आई, म्हणा ना परत" म्हणायची सोय उरली नव्हती.

शेवटचा उपाय म्हणून वहिनींनी पेन्सिललाच घरी आणलं. तो बिचारा आला. कोट काढायचंही भान न राहता आईंच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "आजी, ते सगळं खोटं आहे. मी रचलंय. पोट भरायला रचलंय. यांनी काही केलं नाही."

आई त्याच्या लांब कोटाकडे बघत राहिल्या. मग सुनेकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "हाच का तो?"

"कोण, आई?"

"ज्याच्यासाठी केलंस."

पेन्सिल उठला तो जिना उतरेपर्यंत थांबला नाही. पडद्यावरच्या बाईचा एक दोस्त होता, लांब कोटवाला. ते पात्रही त्यानेच लिहिलं होतं.

त्या दिवसापासून आईंनी सुनेच्या हातचं खाणं सोडलं. पहिल्या दिवशी वाटी सरकवली, दुसऱ्या दिवशी उलथून टाकली. नळाचं पाणी तेवढं स्वतः उठून, भिंत धरत धरत पीत होत्या. शेजारीण काही घेऊन आली तर म्हणाल्या, "तिनेच दिलं असेल तुझ्याकडे." तिसऱ्या दिवशी म्हातारीचे ओठ फुटले, डोळे खोल गेले. सलाइन लावायला हाताची शीर डॉक्टरांना सापडेना.

वहिनी जमिनीवर बसल्या. वाटीत बटाट्याचं सूप होतं, चौथ्यांदा गरम केलेलं.

"आई, दोन चमचे. माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी घ्या."

"त्याचं नाव तू काढू नकोस." मग म्हातारीने श्वास गोळा केला. आणि तिच्या आवाजात एकदम ती जुनी, छातीशी धरणारी आई आली. "पोरी, मी तुला शाप देत नाही गं. मला एवढंच हवंय, एकदा कबूल कर. मी माफ करीन. देवाला मी सांगीन, माझी सून आहे, पदरात घे. पण खोटं बोलणाऱ्या हातचं माझ्याने गिळवत नाही."

खरं सांगितलं तर म्हातारी मरणार होती, खोटं सांगितलं तर जगणार होती. वहिनींनी देवाकडे बघितलं. देवही बहुधा ऐकायलाच थांबला होता.

"हो, आई," वहिनी म्हणाल्या. "मी केलं."

म्हातारीच्या तोंडून जो आवाज निघाला, तो वहिनींनी एकदाच ऐकला होता, तीन वर्षांपूर्वी. मुलगा पुन्हा एकदा गेला होता, आणि या खेपेला कुणीतरी मारला होता. मग तिचा हात पुढे आला, सुनेच्या डोक्यावर टेकला. "माफ केलं," आई म्हणाल्या, आणि अर्धी वाटी प्यायल्या.

वहिनींना वाटलं, चला, मिटलं. आपलं काय व्हायचं ते होवो, म्हातारी तरी सुटली.

सकाळी आई उठल्या त्या प्रसन्न. केस विंचरून घेतले, हवापाण्याच्या गप्पा मारल्या. आदली दुपार कुठेच नव्हती. कबुलीही नव्हती आणि माफीही. मग त्या खिडकीशी जाऊन बसल्या. जेवायच्या वेळेला वहिनी वाटी घेऊन आल्या, तेव्हा म्हातारीने चेहरा फिरवला. "तूच गॅस मोठा केलास."

तेव्हापासून रोज. रोज दुपारी वहिनी कामावरून अर्धी सुट्टी काढून येतात, जमिनीवर बसतात आणि खून कबूल करतात. रोज म्हातारी पहिल्यांदाच ऐकते. काही दिवशी माफी मिळते, काही दिवशी नाही; नाही मिळाली तरी खरं ऐकल्याच्या समाधानावर ती चार घास खाते. थातूरमातूर सांगितलेलं तिला चालत नाही. पाय उजवा की डावा, दार उघडं होतं की लोटलेलं, ती खोदून खोदून विचारते. वहिनींनाही आता अडखळावं लागत नाही.

परवा तिने नवंच विचारलं. "पडताना काय म्हणाला गं तो?"

दादा पडताना काय म्हणाले हे वहिनींना ठाऊक नाही. त्या आत होत्या. हे एकच त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, पेन्सिललासुद्धा नाही: की त्यांचा शेवटचा शब्द आपण ऐकला नाही. पडद्यावरचा नवरा मात्र एक शब्द बोलतो.

"'तू?' म्हणाले," वहिनींनी सांगितलं. "एवढंच. 'तू?'"

म्हातारीने डोळे मिटून मान हलवली. "हो. तसंच म्हणाला. मी ऐकलंय." आणि तिने घास घ्यायला तोंड उघडलं.