ब्रिटाच्या नावाचं दान

मी एक जुनं बेरजेचं यंत्र आहे, मित्रांनो. कागदाची गुंडाळी लावली की खडखड करत आकडे छापणारं. अमेरिकेतल्या मिनेसोटात, मोठ्या सरोवराकाठच्या डुलुथ गावी, आर्विद नायगार्ड यांच्या जेवणाच्या टेबलावर माझं आयुष्य गेलं. ते रेल्वेत हिशेबनीस होते. माझी बटणं ते मऊ फडक्याने पुसत आणि पाहुण्यांपुढे माझं कौतुक करत.

त्यांची एकुलती एक मुलगी, ब्रिटा, लहानपणीच सरोवरात बुडाली. त्यानंतर त्या घरात तिच्याबद्दल कुणी बोलत नसे. पण सत्तरी ओलांडल्यावर आर्विद आपल्या निवृत्तीच्या खात्यातून दरवर्षी तिच्या नावाने एका संस्थेला दान देऊ लागले. ती संस्था मुलांना पोहायला शिकवायची. पैसे त्यांच्या हातात येतच नसत, खात्यातून थेट तिकडे जात.

वसंतात कराचे कागद भरताना ते बायकोला, लॉर्नाला, समजावत. "बँकेच्या कागदावर फक्त पैसे काढल्याचं असतं. कुठे गेले, ते आपण सांगायचं. या ओळीत पूर्ण रक्कम, करपात्र रकमेच्या जागी शून्य, आणि शेजारी लिहायचं की हे थेट दान आहे. नाहीतर ब्रिटाच्या पैशांवरही कर बसेल."

वर्षातून तेवढंच तिचं नाव त्या घरात उच्चारलं जाई.

मग आर्विदना विसर पडू लागला. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं. एका वसंतात ते बँकेचा कागद हातात धरून थबकले.

"लॉर्ना, एवढे पैसे आपण काढले? गेले कुठे?"

"पोहण्याच्या शाळेला दिलेस तू."

"मी कशाला देईन? कारण सांग. त्याशिवाय मी सही करायचा नाही."

लॉर्नाने कारण सांगितलं. आर्विदसाठी ब्रिटा जणू त्याच क्षणी बुडाली. कोटही न घालता ते सरोवराकडे जायला दाराशी धावले. लॉर्नाने उंबऱ्यातच त्यांना घट्ट धरून ठेवलं. रडून रडून दमल्यावर त्यांनी तिला विचारलं, "आपण का रडतोय गं?"

पुढच्या वसंतात पुन्हा तोच कागद आणि तोच प्रश्न. लॉर्नाने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"लहान मुलांना पोहता यावं म्हणून दिलेस," ती म्हणाली.

"बरं केलं मी," आर्विद खूश झाले. "आपल्या ब्रिटालाही घालू या तिथे. पाण्याला फार भिते ती."

"घालू या."

तिने पूर्ण रक्कम लिहिली, करपात्र जागी शून्य मांडलं, शेजारी दानाची नोंद केली. सगळं नियमाप्रमाणे. "इथे सही कर हं," म्हणून तिने पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सावकाश, वळणदार सही केली. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून उभी राहिली.

आर्विद आता नाहीत. मी तळघरातल्या फळीवर आहे, माझी बटणं आता अडकतात. मला खाली काढा, पुसा, असं माझं म्हणणं नाही, मित्रांनो. यंत्रं जुनी व्हायचीच. पण तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस तोच तोच प्रश्न विचारत असेल, तर त्रासू नका. आणि उत्तर देण्याआधी एकदा त्याच्या चेहऱ्याकडे बघा.